पाठमोरा संचालक

बैठकीत गाणारा गवई आणि त्याचा श्रोता यांच्यामध्ये अंतर फार थोडे असते. समेवर मान हलली, कोणाच्या तोंडून 'वाहवा' निघाली, की ती तत्क्षणी गवयापर्यंत पोचते आणि पुढील आवर्तन तो त्या उत्तेजनाच्या बळावर भरतो. पाश्चात्य वाद्यवृंदाच्या संचालकाची स्थिती याच्या अगदी उलट आहे. वादन चालू असेपर्यंत तो श्रोत्यांकडे पाठ करून उभा असतो. त्याच्या हातातील छडीतून स्वर निघत नाही. जे ऐकू येते ते समोर बसलेल्या सत्तर-ऐंशी वादकांचे. असे असता श्रोत्यांचे प्रेम त्याला कशाच्या जोरावर लाभते, हा प्रश्न दिसतो तितका वरवरचा नाही. कारण त्या प्रेमावरच पुष्कळदा सबंध वाद्यवृंदाचे पोट अवलंबून असते.

हायडनसारखा रचनाकार एस्टरहाझी घराण्याच्या पदरी होता, तेव्हा वादकांचे वेतन राजवाड्याच्या तिजोरीतून येई. श्रोते किती जमले याची चौकशी करण्याचे तेथे कारण नव्हते. एकोणिसाव्या शतकात हा दरबारी आश्रय आटत गेला आणि त्याची जागा शहरातील तिकीट काढून येणाऱ्या माणसाने घेतली. आता अडचण अशी की, सभागृह भरले तरी एवढ्या वादकांचे वेतन, तालमींचा खर्च आणि जागेचे भाडे केवळ तिकिटांच्या पैशात क्वचितच भागते. मग कोणी धनिक पुढे यावा लागतो, आणि धनिकाने पुढे यावे यासाठी सामान्य नागरिकाला हा वाद्यवृंद 'आपला' वाटावा लागतो. ही आपलेपणाची भावना कशी निर्माण होते हे पाहावयाचे असेल, तर लंडनच्या सर हेन्री वुड यांच्या चरित्राइतके बोलके उदाहरण दुसरे सापडणे कठीण आहे.

वुड यांचा जन्म १८६९ साली लंडनमध्ये झाला. लहानपणीच त्यांनी ऑर्गन वाजवण्यास आरंभ केला, पुढे गायनाच्या शिकवण्या केल्या आणि फिरत्या संगीत नाटक मंडळ्यांत संचालकाचे काम केले. ते सव्वीस वर्षांचे असताना क्वीन्स हॉल या नव्या सभागृहाचे व्यवस्थापक रॉबर्ट न्यूमन यांनी त्यांच्यापुढे एक योजना मांडली. उन्हाळ्याच्या अखेरीस, लंडनमधील प्रतिष्ठित मंडळी हवापालटासाठी बाहेर गेलेली असताना, रोज रात्री वाद्यवृंदाचे कार्यक्रम करावयाचे. दर अगदी कमी ठेवावयाचे. प्रारंभी लोकांना रुचेल ते वाजवावयाचे आणि मग हळूहळू, त्यांच्या नकळत, पायरी चढवीत न्यावयाची. या योजनेला भांडवल कोठून मिळाले, ही हकीकतही मजेची आहे. जॉर्ज कॅथकार्ट नावाचे नाक, कान व घसा यांचे एक डॉक्टर होते. इंग्लंडमध्ये वाद्ये फार चढ्या स्वरात लावतात आणि त्यामुळे गायकांचे गळे बिघडतात, असे त्यांचे ठाम मत होते. स्वराची पट्टी युरोपातल्याप्रमाणे खाली आणावी आणि संचालक वुड यांनाच नेमावे, या अटींवर त्यांनी दोन हजार पौंड देऊ केले. नव्या पट्टीची फुंकवाद्ये स्वतःच्या पैशाने घेण्याचे वादकांनी नाकारले, तेव्हा तीही डॉक्टरांनीच बेल्जममधून आणवली आणि वादकांना वापरावयास दिली. एक हंगाम पार पडल्यावर वादकांनी ती त्यांच्याकडून विकत घेतली.

१० ऑगस्ट १८९५ रोजी पहिला कार्यक्रम झाला. तळमजल्यावरील खुर्च्या काढून टाकल्या होत्या. तेथे उभे राहावे, हवे तर फिरावे. 'प्रॉमेनेड' या शब्दाचा अर्थच तो. या जागेचे तिकीट एक शिलिंग होते आणि सबंध हंगामाचे एक गिनी. त्या वर्षी एकोणपन्नास कार्यक्रम झाले. म्हणजे गिनी भरणाऱ्या कारकुनाला एका रात्रीचे संगीत पाच-सव्वापाच पेन्सांत पडले. मध्यभागी कारंजे होते, खाण्यापिण्याची सोय होती, धूम्रपानालाही बंदी नव्हती; मात्र गायन चालू असता काड्या ओढू नयेत अशी विनंती केलेली असे. संगीतसभेला जाण्यासाठी विशिष्ट पोशाख हवा, विशिष्ट घराण्यात जन्म हवा, हा समज दूर करण्यास याहून सोपा उपाय नव्हता. ज्याला खुर्ची परवडत नव्हती त्याला वादकांच्या सर्वांत जवळची जागा मिळाली, आणि अंगावर शाल घेऊन येणाऱ्या स्त्रिया वरच्या सज्जात बसल्या. आपल्याकडील नाटकांच्या पिटाची आठवण येथे काहींना होईल. परंतु पिटातल्या प्रेक्षकाला नाटककंपन्या नाखुशीने सांभाळून घेत. येथे सारी उभारणीच त्याच्यासाठी होती.

कार्यक्रमाची मांडणी पाहिली म्हणजे वुड आणि न्यूमन यांचे धोरण स्पष्ट होते. पूर्वार्धात भारदस्त रचना, मध्यंतरानंतर लोकप्रिय गीते, संगीतिकांतील सुरावटींच्या गुंफणी, कॉर्नेटसारख्या वाद्याचे एकलवादन. एका रात्री लहानमोठ्या वीस-वीस रचना होत. उच्च अभिरुचीच्या टीकाकारांना ही खिचडी वाटली असल्यास नवल नाही. पण कॉर्नेट ऐकावयास आलेल्या माणसाला मध्यंतरापूर्वी बीथोव्हेन ऐकावा लागे, आणि आठ आठवडे असे ऐकल्यावर बीथोव्हेन त्याच्या परिचयाचा होई. थोड्याच वर्षांत सोमवार वाग्नरचा आणि शुक्रवार बीथोव्हेनचा, असा परिपाठ पडला, आणि त्या रात्री सभागृहात दाटी होऊ लागली. श्रोत्यांना उपदेशाचा एक शब्दही न ऐकवता घडलेले हे शिक्षण होते. आज पुष्कळ संचालक वादनापूर्वी वळून चार शब्द बोलतात, रचनेची पार्श्वभूमी समजावून देतात. त्याचा उपयोग होतोही. परंतु एकदा केलेले सुरेख भाषण आणि रोज रात्री ठरलेल्या वेळी उघडणारे दार यांत माणसाला जोडून ठेवण्याची शक्ती दुसऱ्यातच अधिक आहे.

श्रोत्यांपुढे केव्हा नमावे आणि केव्हा नमू नये, याची जाण हा या विषयातला अवघड भाग आहे. दोन प्रसंग येथे सांगण्याजोगे आहेत. १९०१ सालच्या ऑक्टोबरमध्ये एल्गारचे 'पॉम्प अँड सर्कमस्टन्स' हे पहिले संचलनगीत वुड यांनी लंडनमध्ये वाजवले. संपताच लोक उठून ओरडू लागले. ते पुन्हा वाजवले, पुन्हा तोच कल्लोळ. वुड यांनी पुढील रचना सुरू करण्याचा प्रयत्न केला, पण लोक ऐकेनात. अखेर शांतता व्हावी म्हणून तिसऱ्यांदा तेच वाजवावे लागले. 'वन्स मोअर'ची आपल्या रंगभूमीवरील परंपरा ज्यांनी पाहिली आहे त्यांना यात अपरिचित असे काही वाटणार नाही.

दुसरा प्रसंग ३ सप्टेंबर १९१२ चा. व्हिएन्नाकडील आर्नोल्ड शेनबर्ग या रचनाकाराच्या पाच वाद्यवृंदरचना त्या रात्री जगात प्रथमच वाजल्या. रूढ स्वरसंगतीचा आधार त्यांत जवळजवळ सुटलेला होता. श्रोते हसले आणि त्यांनी फूत्कारही काढले. येथे वुड नमले नाहीत. दीड वर्ष उलटण्यापूर्वीच, १९१४ च्या जानेवारीत, शेनबर्ग यांना क्वीन्स हॉलमध्ये बोलावून त्याच रचना त्यांच्याच संचालनाखाली वाजवण्यात आल्या. या वेळी लोकांनी त्या निमूटपणे ऐकल्या आणि टाळ्याही दिल्या. त्या सर्वांना आवडल्या असे समजण्याचे कारण नाही. परंतु हा मनुष्य आपल्यापुढे जे ठेवतो ते निदान ऐकून घेण्याच्या योग्यतेचे असते, एवढा विश्वास अठरा वर्षांत जमा झालेला होता, आणि संचालकाची खरी पुंजी ती हीच. एल्गार तीनदा वाजवणारा संचालकच शेनबर्ग दुसऱ्यांदा ऐकवू शकतो.

विश्वास टिकण्यास वादनही चोख हवे, आणि तेथे वुड कठोर होते. आठवड्याच्या सहा कार्यक्रमांना तालमी तीनच मिळत. एक क्षण वाया जाऊ नये म्हणून प्रत्येक सूचना ते वादकांच्या स्वरलिपींवर आधीच निळ्या पेन्सिलीने लिहून ठेवीत, आणि प्रत्येक वादकाचे वाद्य स्वरात लागले आहे की नाही हे जातीने तपासून पाहत. त्या काळी लंडनमध्ये बदली वादकाची चाल होती: दुसरीकडे अधिक पैसे मिळत असले तर वादक आपल्या जागी दुसऱ्यास पाठवून देई. त्यामुळे तालमीला एक माणूस आणि कार्यक्रमाला दुसराच, असा प्रकार होई. १९०४ साली न्यूमन यांनी ही चाल बंद केल्याचे जाहीर केले. त्यावर चाळीसहून अधिक वादक निघून गेले आणि त्यांनी लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रा हा स्वतःच्या मालकीचा वाद्यवृंद स्थापन केला. या वादात वुड यांचीच बाजू सर्वस्वी न्याय्य होती असे म्हणवत नाही. बाराही महिने पोटभर वेतन देण्याची हमी नसताना वादकाने चार जागी हात मारू नये, अशी अपेक्षा करणे सोपे आहे. त्या वादकांनी काढलेली संस्था आज शंभराहून अधिक वर्षे चालू आहे, हीही गोष्ट विसरता येत नाही. पण शिलिंग देऊन आलेल्या श्रोत्याच्या दृष्टीने पाहता, त्याला रोज तेच वादक आणि तीच सफाई मिळू लागली.

लोकाश्रय आहे म्हणून पैशाची चिंता मिटली असे मात्र कधीच झाले नाही. १९०२ साली न्यूमन यांचे दिवाळे निघाले. एडगर स्पेयर या धनाढ्य पेढीवाल्याने भार उचलला म्हणून कार्यक्रम वाचले. पुढे १९१४ साली महायुद्ध सुरू झाले आणि जर्मन वंशाचे म्हणून स्पेयर यांच्यावरच लोकांचा रोष ओढवला. ते देश सोडून अमेरिकेस गेले. त्याच ऑगस्टमध्ये जर्मन संगीतावर बहिष्कार घालण्याची हाकाटी झाली आणि वाग्नरची पहिली ठरलेली रात्र रद्द करावी लागली. परंतु न्यूमन व वुड यांनी कलेला शत्रुराष्ट्र मानण्याचे नाकारले आणि थोड्याच दिवसांत वाग्नर, बीथोव्हेन पूर्ववत वाजू लागले. श्रोते आले. युद्धज्वराने पेटलेल्या शहरात हे घडावे, यावरून त्या श्रोतृवर्गाची घडण किती पक्की झाली होती हे दिसून येते. मध्यंतरी १९१३ साली वुड यांनी सहा स्त्रियांना वाद्यवृंदात घेतले होते. अशा वाद्यवृंदांची दारे स्त्रियांना त्यापूर्वी बहुधा बंदच असत.

श्रोत्यांना भाग घेऊ देण्याच्या बाबतीतही त्यांची एक रीत होती. १९०५ साली ट्रफाल्गरच्या लढाईस शंभर वर्षे झाली, तेव्हा वुड यांनी ब्रिटिश दर्यावर्दी गीतांची एक गुंफण रचली. हंगामाच्या शेवटच्या रात्री ती वाजवण्याचा प्रघात पडला. तीतील नाचाच्या लयीवर लोक पाय आपटीत, आणि वुड मिस्कीलपणे लय अशी वाढवीत नेत की अखेर आपटणाऱ्यांची दमछाक होऊन वाद्यवृंद पुढे निघून जाई. ही थट्टामस्करी त्या एका रात्रीपुरती. एरवी बीथोव्हेनच्या वेळी तळमजल्यावर उभ्या असलेल्या शेकडो माणसांत चिटपाखराचा आवाज नसे.

रेडिओचा प्रवेश झाला, तेव्हा या संबंधाची निराळीच परीक्षा झाली. १९२६ साली न्यूमन वारले, आणि सभागृहाचे मालक चॅपेल आणि कंपनी यांनी पुढील वर्षी हात आखडता घेतला. त्यांचे प्रमुख ध्वनिक्षेपणाचे कट्टर विरोधक होते. घरबसल्या संगीत मिळू लागल्यावर सभागृहे ओस पडतील असे त्यांना वाटे. १९२७ साली बीबीसीने हे कार्यक्रम चालवण्यास घेतले. झाले ते उलटेच. दूर गावात ज्याने हे वादन कानांनी ऐकले, तो लंडनला आला म्हणजे डोळ्यांनी पाहण्यासाठी क्वीन्स हॉलची वाट विचारी. तिकीटघराच्या जोडीला आता प्रत्येक ग्रहणयंत्राच्या परवान्याचा पैसा वाद्यवृंदाच्या मागे उभा राहिला. एका धनिकाच्या मर्जीपेक्षा लक्षावधी घरांची अल्प वर्गणी हा आधार अधिक भक्कम होता.

१९३८ साली वुड यांच्या संचालनकार्यास पन्नास वर्षे झाली म्हणून ५ ऑक्टोबर रोजी ॲल्बर्ट हॉलमध्ये मोठा समारंभ झाला. रॅखमानिनॉफ यांनी पियानो वाजवला. वॉन विल्यम्स यांनी सोळा गायकांसाठी मुद्दाम रचना करून दिली. या निमित्ताने जमलेला पैसा वुड यांनी स्वतःकडे घेतला नाही. आजारी वादकांसाठी लंडनच्या रुग्णालयांत खाटा राखून ठेवण्याकरिता तो देण्यात आला. वादकाच्या आजारपणाची चिंता लंडनच्या सामान्य श्रोत्याने वाहावी, हा लोकाश्रयाचा अर्थ एरवी फारसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

याच सुमारास इंग्लंडच्या उत्तरेस मँचेस्टर शहरात जॉन बार्बिरोली यांनी जे केले, तेही थोडक्यात सांगण्यासारखे आहे. न्यूयॉर्कची मानाची जागा सोडून ते १९४३ साली युद्धग्रस्त मँचेस्टरमध्ये हॅले वाद्यवृंदाचे संचालक म्हणून आले. पाहतात तो वादक तीस-चाळीसच शिल्लक. दिवसदिवसभर परीक्षा घेऊन, शाळेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलामुलींनाही सामील करून, काही आठवड्यांतच त्यांनी वाद्यवृंद पुरा केला. शहराचे फ्री ट्रेड हॉल बाँबवर्षावात उद्ध्वस्त झाले होते. म्हणून बेल व्ह्यू येथील सर्कशीच्या भव्य रिंगणात कार्यक्रम होऊ लागले, आणि तेथे हजारोंनी गिरणीकामगार व नोकरवर्ग येऊ लागला. पुढे इतर ठिकाणांहून मोठ्या जागांसाठी बोलावणी आली, तरी बार्बिरोली यांनी १९७० साली मृत्यू येईपर्यंत मँचेस्टरशी नाते तोडले नाही.

मुंबईच्या रसिकांनाही हा प्रश्न अगदी परका नाही. १९३५ साली मेहली मेहता यांनी बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा स्थापन केला. त्यांचेच पुत्र झुबिन मेहता पुढे जगद्विख्यात संचालक झाले, पण त्यासाठी त्यांना १९५४ साली व्हिएन्ना गाठावे लागले. १९५८ साली मूळच्या गोव्यातील माजोर्डा गावचे व्हायोलिनवादक अँथनी गोन्साल्विस यांनी भारतीय राग आणि पाश्चात्य वाद्यवृंद यांचा मेळ घालण्यासाठी एक मोठा वाद्यवृंद उभा केला. मुंबईच्या सेंट झेवियर महाविद्यालयाच्या चौकात तो वाजला. लता मंगेशकर आणि मन्ना डे यांच्यासारखे गायक त्यात गायले. गुणांची तेथे वाण नव्हती. चित्रपटसंगीतात वाजवणारे कसलेले गोमंतकीय वादक हाताशी होते. परंतु पाठीशी कायमचा आश्रयदाता उभा राहिला नाही, आणि हंगामामागून हंगाम त्याच जागी तेच श्रोते जमवण्यास लागणारा अवधी त्या प्रयोगाला मिळालाच नाही. गोन्साल्विस पुढे अमेरिकेस गेले. २००६ साली मुंबईच्या राष्ट्रीय संगीतनाट्य केंद्रात सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया स्थापन झाला, तेव्हाही प्रारंभी पुष्कळसे वादक कझाकस्तानसारख्या दूर देशांतून आणावे लागले. मुलांना लहान वयापासून शिकवण्याचे काम त्या संस्थेने हाती घेतले आहे. आज व्हायोलिन शिकणाऱ्या दहा वर्षांच्या मुलीचे आईबाप उद्या सभागृहात येऊन बसतात, हा श्रोते मिळवण्याचा मार्ग संथ खरा, पण तो सर्वांत खात्रीचा आहे.

वुड यांची अखेरची वर्षे दुसऱ्या महायुद्धात गेली. १९४० च्या हंगामात बीबीसीचे पाठबळ नव्हते. तरी कार्यक्रम झाले. विमानहल्ल्याची सूचना होऊन रस्त्यावर जाणे अशक्य झाले की श्रोते सभागृहातच थांबत, आणि वादक व श्रोते मिळून कोणी गात, कोणी वाजवीत, असा मध्यरात्रीपर्यंत वेळ काढीत. ७ सप्टेंबरला लंडनवर भडिमार सुरू झाल्यावर मात्र तो हंगाम आटोपता घ्यावा लागला. १० मे १९४१ च्या रात्री क्वीन्स हॉल जळून गेले. त्या दुपारी तेथे वाजवलेल्या लंडन फिलहार्मोनिकच्या अनेक वादकांची वाद्ये आगीत सापडली. रेडिओवरून आवाहन होताच लोकांनी आपापल्या घरांतील वाद्ये पाठवून दिली. त्याच उन्हाळ्यात कार्यक्रम अवाढव्य ॲल्बर्ट हॉलमध्ये हलले. तेथे शेवटच्या रात्री वुड श्रोत्यांकडे तोंड करून उभे राहिले आणि त्यांनी छोटेसे भाषण करून सर्वांचे आभार मानले. संचालकाने शेवटच्या रात्री बोलण्याची प्रथा तेव्हापासून पडली. सेहेचाळीस वर्षे पाठ पाहिलेल्या माणसांना त्यांचा आवाज ऐकण्याचे फारसे प्रसंग त्यापूर्वी आले नव्हते.

१९४४ चा हंगाम पन्नासावा होता. उडत्या बाँबमुळे ॲल्बर्ट हॉल बंद करावे लागले आणि वादन बेडफर्ड गावातून ध्वनिक्षेपित होऊ लागले. २८ जुलै रोजी तेथे वुड यांनी बीथोव्हेनची सातवी सिम्फनी वाजवून घेतली, ती शेवटची. १० ऑगस्टच्या सुवर्णमहोत्सवी कार्यक्रमास ते आजारामुळे उपस्थित राहू शकले नाहीत आणि १९ ऑगस्ट रोजी त्यांचा अंत झाला. क्वीन्स हॉलच्या ढिगाऱ्यातून त्यांचा एक अर्धपुतळा सुखरूप निघाला होता. आता दर हंगामात तो ॲल्बर्ट हॉलमध्ये वाद्यवृंदाच्या मागे, ऑर्गनसमोर ठेवतात, आणि शेवटच्या रात्री तळमजल्यावर उभे राहणाऱ्या श्रोत्यांपैकीच दोघे पुढे होऊन त्याला हार घालतात.